फोटोतली जांभळी किनार



आपल्यापैकी कितीतरी जणी हल्ली घरबसल्या काही ना काही विकतात. कुणी कुरडया-पापड, कुणी हिमरूच्या शाली, कुणी नथी, कुणी साड्या. गिऱ्हाईक काही दारात येत नाही. ते मोबाइलवर फोटो बघतं, दोन बोटांनी मोठा करून बघतं आणि मग ठरवतं. म्हणजे आपला माल किती चांगला आहे हे आपण नाही, फोटो सांगतो. आणि फोटो कधी कधी चक्क खोटं बोलतो. त्यातल्या एका खोट्याबद्दल आज सांगणार आहे. ते मला महागात पडलं. खरं तर माझ्यापेक्षा दुसरीलाच जास्त महागात पडलं, म्हणून सांगायलाच हवं.

मी घरून फोटो काढून देण्याचं काम करते. लग्न-मुंज, डोहाळजेवण, आणि बचत गटांच्या वस्तूंचे फोटो. संक्रांतीच्या आधीची गोष्ट आहे. पैठणच्या एका विणकर घरातल्या वहिनी माझ्याकडे काळी पैठणी घेऊन आल्या. संक्रांतीला काळी साडी हवीच असते, तुम्हाला ठाऊक आहेच. दीड महिना मागावर बसून विणलेली साडी होती. अंगभर सोनेरी जरीचे बारीक बुट्टे, काठ नारळी आणि पदरावर मोर. मी म्हटलं, जर अशी चमकली पाहिजे की बघणारीचे डोळे दिपले पाहिजेत. दुपारी बाराला गच्चीवर नेली, दोरीवर पसरली आणि टळटळीत उन्हात फोटो काढले. मोबाइलच्या पडद्यावर झकास दिसत होते.

पुण्याच्या एका बाईंनी ती साडी आधीच ठरवून ठेवली होती, थोडे पैसेही पाठवले होते. फोटो पोचले आणि संध्याकाळी त्यांचा निरोप आला. प्रत्येक बुट्ट्याभोवती काळ्यावर जांभळं उमटलंय, रंग कच्चा आहे, पैसे परत करा.

त्यांचंही चूक नव्हतं हो. हलक्या प्रतीचा काळा रंग दोन धुण्यांत जांभळट पडतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्यांनी मापाने विचार केला. पण वहिनींच्या घरावर ठपका आला तो कच्च्या रंगाचा. विणकराला याहून मोठी शिवी नाही. त्या दुसऱ्या दिवशी एस.टी.ने साडी घेऊन आल्या. आम्ही दोघींनी ती खिडकीजवळच्या पलंगावर पसरली आणि इंच इंच बघितली. जांभळा ठिपकासुद्धा नव्हता. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ताई, मग फोटोत कुठून आलं?"

मला सांगता येईना. दहा वर्षं फोटो काढतेय आणि सांगता येईना! तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागे लागले.

आधी ती ओळखायची कशी ते बघू. तुमच्या मोबाइलमधला एखादा जुना फोटो काढा, ज्यात कडुनिंबाची पानं उजळ आभाळासमोर आहेत असा. पानांच्या कडा मोठ्या करून बघा. बहुतेक वेळा तिथे बारीक जांभळी रेघ सापडेल. बीबी-का-मकबऱ्याचे मिनार मावळतीकडे तोंड करून काढले असतील तर त्यांच्या कडेलाही सापडेल. वेरूळच्या दहाव्या लेण्यात आत उभं राहून दाराकडे, त्या वरच्या मोठ्या कमानदार खिडकीकडे फोटो काढला असेल, तर खिडकीच्या दगडी कडेला नक्कीच. नवरीच्या नथीतल्या मोत्यावर दिव्याचा कवडसा पडला असेल, स्टीलच्या हंड्यावर ऊन चमकलं असेल, तर तिथेही. सगळीकडे एकच गोष्ट दिसते. अगदी उजळ जागा आणि अगदी काळी जागा एकमेकींना जिथे खेटतात, तिथे जांभळं सांडतं.

असं का होतं, हे समजायला चष्मा पुरे. ज्यांना चष्मा आहे त्यांनी आज रात्री ट्यूबलाइट लावा, मान थोडी वळवा आणि चष्म्याच्या मधून न बघता काचेच्या अगदी कडेतून ट्यूबकडे बघा. ट्यूबच्या एका कडेला निळसर आणि दुसऱ्या कडेला तांबूस-पिवळी रेघ दिसेल. चष्मा पॉलिकार्बोनेटचा असेल, म्हणजे न फुटणारा, पातळ, हलका, तर अजून ठळक दिसेल. साध्या प्लास्टिकच्या काचेपेक्षा ते पॉलिकार्बोनेट रंग जास्त फाकवतं. दुकानदार हे सांगत नाही, पण तसं असतं.

रंग फाकवणं म्हणजे काय? पांढरा उजेड म्हणजे एकटा दुकटा कुणी नाही, सगळ्या रंगांची जत्रा आहे. न्यूटनने १६६६ च्या सुमारास खिडकीच्या भोकातून आलेला कवडसा तिकोनी काचेतून नेला आणि भिंतीवर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत पट्टा पाडला, हे शाळेत शिकलोय. काचेत शिरताना उजेड वाकतो. पण सगळे रंग सारखे वाकत नाहीत. जांभळा सगळ्यात जास्त वाकतो, तांबडा सगळ्यात कमी.

आता कॅमेऱ्याचं भिंगही काचच. त्याचं काम एवढंच की समोरच्या एका ठिपक्यातून निघालेला उजेड आत पडद्यावर पुन्हा एका ठिपक्यात गोळा करायचा. पण जांभळा जास्त वाकतो म्हणून तो जरा आधीच, भिंगाजवळ गोळा होतो. तांबडा जरा पुढे जाऊन होतो. हिरव्यावर फोकस बरोबर बसवला, तर जांभळा तोवर गोळा होऊन पुन्हा पसरायला लागलेला असतो. म्हणजे एका ठिपक्याच्या जागी हिरवट-पिवळा नीटस ठिपका आणि त्याच्याभोवती जांभळ्याचं अंधूक वलय. याला आपल्या पाठ्यपुस्तकात वर्णविपथन म्हणतात. फोटोवाले क्रोमॅटिक अॅबरेशन म्हणतात. आपण जांभळी किनार म्हणू, तेच बरं.

न्यूटनने हे पाहून भिंगांचा नादच सोडला. भिंग आलं की किनार आलीच, असं त्याने ठरवून टाकलं आणि १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली, कारण आरसा सगळ्या रंगांना सारखंच परतवतो. एवढा मोठा माणूस, पण इथे चुकला. १७३० च्या आगेमागे इंग्लंडातल्या चेस्टर मूर हॉल नावाच्या वकिलाने तोड काढली. दोन वेगळ्या जातींच्या काचा घ्यायच्या. एकीने रंग फाकवले की दुसरीने उलट्या बाजूने ते जवळ आणायचे. घरात एक उधळी आणि एक जपून खर्च करणारी असली की संसार कसा निभतो, तसं. गंमत पुढे आहे. आपली युक्ती कुणाला कळू नये म्हणून त्याने एक भिंग एका कारागिराकडे आणि दुसरं दुसऱ्याकडे घासायला टाकलं. त्या दोघांनाही वेळ नव्हता. दोघांनी ते काम तिसऱ्याच एका कारागिराला दिलं. त्याच्या हातात दोन्ही भिंगं आली, दोन्ही एकमेकांत बसतात हे त्याने पाहिलं, आणि गुपित फुटलं! पुढे १७५८ मध्ये जॉन डॉलंड नावाच्या चष्मेवाल्याने त्याचं पेटंट घेतलं आणि नावही त्याचंच झालं.

आज मोबाइलच्या इवल्याशा कॅमेऱ्यातसुद्धा पाच-सहा भिंगं एकामागे एक असतात आणि ती सगळी मिळून रंग सावरतात. तरीही काय होतं, की सावरताना दोन-तीन रंग बरोबर एका जागी आणता येतात, सगळे नाही. बनवणारे मधले रंग आधी सांभाळतात, कारण आपल्या डोळ्याला तेच जास्त उजळ दिसतात. टोकाचा गडद जांभळा थोडा मोकळाच राहतो. म्हणून किनार बहुधा जांभळीच असते, पिवळी नसते.

मग ती किनार सगळ्याच फोटोंत, सगळीकडे का दिसत नाही? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. उत्तर हिशोबाचं आहे. समजा एखाद्या उजळ ठिपक्याचा शंभरातला एकच भाग शेजारी सांडतो. शेजारची जागाही तेवढीच उजळ असेल तर तो एक भाग कुणाच्या खिजगणतीत नाही. पण ठिपका जर शेजारपेक्षा शंभरपट उजळ असेल, तर सांडलेला एक भाग म्हणजे शेजाऱ्याच्या सगळ्या उजेडाएवढा झाला. काळ्या रेशमावर उन्हात चमकणारी जर म्हणजे हेच. जर ही धाग्यावर गुंडाळलेली धातूची चपटी तार असते. प्रत्येक वळसा म्हणजे एक आरसा, आणि बाराच्या उन्हात प्रत्येक आरशात एक एक सूर्य. त्याच्या शेजारी काळं. माझ्या गच्चीवर मी नेमकं सगळ्यात वाईट तेच जुळवून आणलं होतं!

त्यात कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्याचीही भर पडते. तो पडदा, सेन्सर म्हणतात त्याला, मुळात रंगांधळा असतो. त्याच्या एकेका बारीक घरावर रंगीत काच चढवलेली असते. दर चार घरांत दोन हिरवी, एक तांबडं, एक निळं. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी काढली, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये तीच किंवा तिचीच बहीण आहे. प्रत्येक घराला एकच रंग कळतो, बाकीचे दोन शेजारपाजारच्या घरांवरून अंदाजाने भरले जातात. सपाट रंगावर अंदाज बरोबर येतो. पण उजेड-अंधाराच्या काठावर, त्यातही उजळ घरं ओसंडून वाहत असताना, अंदाज चुकतो. आणि चुकला की पुन्हा जांभळटच दिसतो. किती दोष भिंगाचा आणि किती पडद्याचा, हे आपण घरी बसून वेगळं काढू शकत नाही. काढायची गरजही नाही.

एक गंमत सांगू? आपल्या डोळ्यातही भिंगच आहे आणि तेही जांभळ्याला वेगळीकडे गोळा करतं, बऱ्यापैकी वेगळीकडे. तरी आपल्याला प्रत्येक नथीभोवती जांभळं दिसत नाही. कारण डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यावर पिवळसर रंगाचा थर असतो, तो निळा-जांभळा बराचसा गाळून घेतो. नजर जिथे सगळ्यात तीक्ष्ण, तिथे निळा ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. उरलेलं मेंदू झाकून घेतो. कॅमेऱ्याला असं घरचं माणूस नाही, तो जे सांडलं ते दाखवतो.

ही कटकट मोबाइलने आणली असं मात्र समजू नका. आपल्या जिल्ह्यात फोटोग्राफी आली तेव्हापासून ती आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याला आला तो चित्रांच्या नकला रंगवायला, पण पुढे त्याने कॅमेरा हातात घेतला. त्याने काढलेले अजिंठा-वेरूळचे ७४ फोटो जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात १८६४ साली लंडनला छापले गेले. (गिल म्हटलं की आपल्याला पारो आठवते, महानोरांची कविता आठवते. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.) त्या काळच्या फोटोच्या काचा फक्त निळा-जांभळा उजेडच पकडायच्या. माणूस डोळ्याने फोकस बसवायचा पिवळ्या-हिरव्या उजेडावर, आणि फोटो उमटायचा जांभळ्यावर. भिंग नीट सावरलेलं नसेल तर डोळ्याला लख्ख दिसणारं चित्र काचेवर धुरकट यायचं. म्हणून जाणकार फोटोवाले फोकस बसवल्यावर काच मुद्दाम थोडी भिंगाच्या जवळ सरकवायचे, जिथे जांभळा गोळा होतो तिथे. शिवाय अजिंठ्यातला गेरूचा लाल अशा काचेवर काळाच उमटायचा. आपण एका किनारीने वैतागतो, त्यांचा सगळा फोटोच त्या किनारीच्या रंगाने काढलेला असायचा.

बरं, आता कामाचं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, नसेल तर ऐका, लक्षात राहील असंच आहे.

किनारीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे, म्हणून आधी ओळखायला शिका. फोटो मोठा करा. किनार फोटोच्या मध्यावर जवळजवळ नाही, पण कोपऱ्यांकडे जावं तशी वाढते, आणि वस्तूच्या एका बाजूला तांबडी-जांभळी तर दुसऱ्या बाजूला हिरवी-निळी अशी दिसते, तर तो आडवा दोष. प्रत्येक रंगाचं चित्र थोडं लहान-मोठं पडलंय एवढंच. हा सोपा. तीन रंगांची चित्रं ताणून एकमेकांवर बसवली की गेला. बरेच कॅमेरे आणि मोबाइल हे काम आतल्या आतच करून टाकतात. दुसरा प्रकार म्हणजे किनार मध्यावरही आहे, वस्तूच्या सगळ्या बाजूंनी सारखी आहे. फोकसच्या अलीकडच्या वस्तूंना जांभळट आणि पलीकडच्या वस्तूंना हिरवट. हा उभा दोष, भिंगाच्या खोलीतला. माझ्या पैठणीला झालेला हाच. हा नंतर काढणं अवघड, म्हणून फोटो काढतानाच सांभाळायचा.

सगळ्यात मोठा उपाय उजेडाचा. ऊन टाळा. निदान सकाळी दहा ते संध्याकाळी चार या वेळात उघड्या उन्हात जर, मोती, स्टील, आरसेकाम यांचे फोटो काढू नका. सूर्य आभाळात एवढासा, म्हणून त्याची चमक टोचणारी. तोच उजेड मोठ्या जागेवरून आला की जर चमकते पण जळत नाही. उत्तरेकडची खिडकी सगळ्यात उत्तम. ती नसेल तर व्हरांड्यात सावलीत बसा, किंवा खिडकीला पांढरी ओढणी, जुनं धोतर, मलमलचा पडदा बांधा. ढगाळ दिवस तर सोन्यासारखा. मी आता पैठण्यांचे फोटो श्रावणात उरकून ठेवते, आणि संक्रांतीला तेच वापरते. मराठवाड्यात ढग मिळणं ही वेगळीच कथा, ते सोडा.

दुसरं म्हणजे मोबाइलला स्वतःच्या मनाने उजेड ठरवू देऊ नका. काळी साडी समोर आली की मोबाइलला वाटतं, अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. काळी करडी होते आणि जर पांढरीफटक. म्हणून पडद्यावर सगळ्यात चमकणाऱ्या जागी बोट टेकवा. शेजारी छोटा सूर्य किंवा पट्टी येईल, ती खाली ओढा. जर पांढरी न दिसता सोनेरी दिसू लागेपर्यंत ओढा. फोटो थोडा काळपट वाटेल, वाटू दे. अंधारातलं काम नंतर वर काढता येतं. जे जळून पांढरं झालं त्यातून काही निघत नाही, करपलेल्या भाकरीसारखं. मोबाइलमध्ये एचडीआर असेल तर ते चालू ठेवा. त्यात तो कमी-जास्त उजेडाचे फोटो घेऊन एकत्र करतो, चमक आवरली जाते.

तिसरं सांगायला लाज वाटते, पण सांगते. भिंग पुसा. स्वयंपाक करता करता फोन उचलतो आपण. तेलाचं, हळदीचं बोट भिंगावर लागलं की चमकेभोवती धूसर वलय येतं आणि किनार दुप्पट वाटते. मऊ सुती कापडाने कोरडं पुसायचं, पदराने नाही. पदराच्या जरीने ओरखडे पडतात.

दिवा किंवा खिडकी फोटोच्या चौकटीच्या अगदी बाहेर कडेला ठेवू नका. २०१२ मध्ये आयफोन ५ नवा आला तेव्हा लोकांनी जांभळ्या धुक्याची तक्रार केली होती. कंपनीचं म्हणणं होतं, दिवा चौकटीबाहेर कडेला असला की छोट्या कॅमेऱ्यांत असं होऊ शकतं, कॅमेरा जरा हलवा किंवा हाताने आडोसा करा. ते धुकं म्हणजे आपली किनार नव्हे, त्याचा चुलत भाऊ. पण आडोसा दोघांनाही लागू पडतो.

तीन भिंगांचा मोबाइल असेल तर वस्तूसाठी मुख्य भिंगच वापरा. ते रुंद दाखवणारं, अर्ध्या पटीचं भिंग कोपऱ्यांत रंग फार फाकवतं. आणि महत्त्वाचं काम, म्हणजे पदरावरचा मोर, नथीचा खडा, चौकटीच्या मध्याजवळ ठेवा.

ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे, लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुली आता आपल्या शहरात पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. नवरीचा चेहरा लख्ख आणि मागचं धूसर यावं म्हणून आपण भिंगाचं तोंड सताड उघडतो, एफ १.८ वर. मुंडावळ्यांच्या मोत्यांवर किनार तिथूनच येते. तोंड एफ ४ किंवा ५.६ पर्यंत लहान करा, उभा दोष झपाट्याने कमी होतो. आडवा दोष त्याने जात नाही. मोबाइलला बहुतेक ही सोय नसतेच, त्याचं तोंड कायम उघडं. आणि दुकानात कुणी तुम्हाला किनार जाईल म्हणून अतिनील फिल्टर विकू लागलं, तर भिंगाला ओरखडा पडू नये म्हणून हवा तर घ्या. किनार त्याने फारशी हटत नाही.

आता काढून झालेला फोटो. संगणकावर लाइटरूम असेल तर आडव्या दोषासाठी एक खूण करायची चौकट आहे, आणि उभ्यासाठी डिफ्रिंज नावाची जागा. तिथे पिचकारीसारखं चिन्ह किनारीवर टेकवलं की तेवढ्याच छटेचा रंग तो कडांवरून काढतो. फुकटात हवं असेल तर रॉथेरपी नावाचा प्रोग्राम हेच करतो. मोबाइलवर स्नॅपसीड फुकट मिळतं. त्यात ब्रश घ्या, सॅच्युरेशन निवडा, आकडा उणे करा, फोटो खूप मोठा करा आणि फक्त किनारीवर बोट फिरवा. काळ्यावरचं जांभळं पुसलं की काळंच उरतं, म्हणून काळ्या साडीला हे छान जमतं.

पण इथे एक धोका आहे. पुष्कळ जणी सोपं म्हणून सगळ्या फोटोतला जांभळा रंगच एका झटक्यात उतरवतात. काळ्या साडीत चालून जाईल. वांगी रंगाच्या पैठणीचं काय होईल? जांभळ्या शेवंतीचं? गिऱ्हाईक राखाडी साडी समजून मागवेल आणि घरी वांगी पोचेल. एका खोट्यावर दुसरं खोटं. म्हणून किनार पुसायची ती फक्त किनारीवर, आणि मूळ फोटो कधीही पुसून टाकायचा नाही, वेगळा जपून ठेवायचा.

मला विचाराल तर फोटो दुरुस्त करत बसण्यापेक्षा दोन साधे फोटो जास्त पाठवा. एकात साडीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. कागद फोटोत पांढरा दिसला तर साडीचा रंगही बराचसा खरा आहे असं गिऱ्हाईक स्वतः ताडतं. दुसरं, दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, साडी हातात धरून खिडकीसमोर हळूहळू वळवायची. कापडावरचा डाग कापडाबरोबर जागच्या जागी राहतो. भिंगाची किनार मात्र चमक सरकली की तिच्याबरोबर सरकते, चमक विझली की विझते. बघणारीला समजावून सांगावंही लागत नाही.

त्या काळ्या पैठणीचं काय झालं, ते राहिलंच. खिडकीत ओढणी बांधून मी पुन्हा फोटो काढले. जांभळं कुठेच आलं नाही. वहिनींनी उरलेल्या काळ्या रेशमाची लड आणली होती. ती ओल्या पांढऱ्या रुमालात घट्ट दाबून ठेवली, तासाभराने उघडली. रुमाल पांढराच. त्याचाही फोटो घेतला. सगळं पुण्याला पाठवलं. बाईंनी बघितलं, बघितल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. पैसे आम्ही आदल्याच दिवशी परत केले होते. संक्रांत गेली. साडी फेब्रुवारीत नांदेडच्या एका बाईंनी घेतली, संक्रांतीच्या भावापेक्षा कमी भावात. तो फरक मी देऊ केला तर वहिनींनी घेतला नाही. मग पुढच्या चार साड्यांचे फोटो मी तसेच काढून दिले.

रुमालाचा तो फोटो मात्र त्यांनी ठेवलाय. आता काळी साडी कुणालाही दाखवायची असली, की आधी तो जातो.